लातुरातलं खारं पाणी

चन्नू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते, आणि खोटं कशाला सांगू, फोन ठेवल्यावर उरलेल्या शेंगा मी मोडून संपवल्या. फोन विशूचा होता, माझ्या धाकट्या भावाच्या मुलाचा, पुण्याहून. "आत्या, पप्पा गेले… सकाळी खुर्चीतच गेले. शेजारच्या काकांनी पाहिलं." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि रडता रडताच त्यानं मला विचारलं की फ्लेक्सवर नाव चन्नबसप्पा टाकायचं की नुसतं बसप्पा. बाप जाऊन दोन तास झाले नव्हते. माणसं शोक करतात म्हणजे नेमकं काय करतात हे मी सत्तर वर्षांत पुष्कळ पाहिलं आहे. बहुतेक जण कामं वाटून घेतात आणि अधूनमधून डोळे पुसतात. मी त्याला म्हटलं, "पूर्ण नाव टाक, जागा फुकट कशाला घालवतो," आणि लोहा, अहमदपूर करत जाणाऱ्या बसमध्ये बसले.

लातूरला पोचले तोवर चौकात फ्लेक्स लागलेला होता. चन्नूचा अलीकडचा एकच धड फोटो होता, माशांच्या टाकीवर हात ठेवून उभा असलेला. फ्लेक्सवाल्यानं टाकी कापून टाकली होती आणि तिच्या जागी कमळं आणि उडती कबुतरं भरली होती. त्यामुळे माझ्या भावाचा उजवा हात एका कबुतराच्या पाठीवर टेकलेला दिसत होता. वर मोठ्या अक्षरात 'देवमाणूस हरपला'. खाली शोकाकुल म्हणून पंधरा-वीस नावं, आणि त्यातला एकही माणूस असा नव्हता की ज्यानं चन्नूला माशांवरून वेडा म्हटलं नव्हतं. कुणी तोंडावर, कुणी पाठीमागं. यादीत पहिलं नाव माझं होतं.

देवमाणूस वगैरे काही नव्हता तो. घुम्या होता, हट्टी होता, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला इतका वेळ घ्यायचा की विचारणारा विसरून जायचा. लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईच्या मागं त्याचं पाइप, नळ आणि कॉक यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक गळका नळ हातात घेऊन आलं की हा तो नळ घ्यायचा, फिरवून बघायचा, आत जायचा आणि दहा मिनिटांनी नेमका तोच भाग घेऊन यायचा. या दहा मिनिटांत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेलं असायचं. आई लवकर गेली, त्यामुळे चन्नूला मी वाढवला असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. पाच वर्षांनी मोठी बहीण काय डोंबल वाढवणार? पण सांगायला बरं वाटतं, आणि मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण झाल्यावर तर असं काही सांगितलं की बायका माना डोलवायच्या.

माशांचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते महानंदेच्या आजारपणात. महानंदा म्हणजे त्याची बायको. तिच्यासाठी हैदराबादच्या एका दवाखान्यात फेऱ्या सुरू होत्या. तिला आत नेलं की हा बाहेर बसून राहायचा, आणि बाहेर, येणाऱ्यांना जरा बरं वाटावं म्हणून, समुद्री माशांची टाकी ठेवलेली होती. इतर माणसं अशा वेळी जप करतात, निदान डॉक्टरांशी भांडतात. हा मासे बघत बसला. त्यात नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश होते, एक मोठा, एक बारका. बारका मासा दगडावरच्या अंड्यांना दिवसभर पंखांनी वारा घालायचा, हे चन्नूनं मला महानंदा गेली तेव्हा तिच्या तिसऱ्याच्या दिवशी सांगितलं. भेटायला आलेल्या लोकांचे चहाचे कप मी गोळा करत होते. "अक्का, नर घालतो वारा. मादी नुसती राखण करती," तो म्हणाला. मी म्हटलं, "ते कप दे इकडं."

सहा महिन्यांत त्यानं मागच्या खोलीत टाकी उभी केली. पाइपवाला तो, त्याला काय, चार दिवसांत वरून खाली, खालून वर पाणी फिरवणारी सगळी जोडणी त्यानं स्वतःच करून टाकली. आता आमचं घर लिंगायतांचं. आमच्याकडं अंडं आणलं तरी वाटी वेगळी, आणि या माणसानं माशांना खायला म्हणून गोठवलेली कोळंबी आणली! तिच्यासाठी बारका फ्रिज घेतला आणि तो मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवला, कारण घरात ठेवायची त्याचीही छाती झाली नाही. सकाळी अंघोळ करून, विभूती लावून, हातात इष्टलिंग घेऊन पूजा करायची आणि पूजा झाली की पत्र्याखाली जाऊन कोळंबी चिरायची. आमचे चुलतभाऊ शिवलिंगअण्णा त्याला म्हणाले, "चन्नू, बसवण्णांनी दया सांगितली, तू तर कोळंबी कापायलास." चन्नू चिरता चिरताच म्हणाला, "मासे बी उपाशी ठिवायचे न्हाईत ना, अण्णा." अण्णांनी हे उत्तर चार गावांत सांगून हसून घेतलं. अण्णांना स्वतःच्या बायकोचं औषध कुठं मिळतं ते ठाऊक नाही, पण बसवण्णांनी काय सांगितलं ते सगळं ठाऊक.

आणि पाणी! लातुरात उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बायका घागरी मांडून बसतात. अशा गावात हा माणूस चांगलं गोड पाणी गाळून घ्यायचा आणि त्यात मीठ घालून ते नासवायचा. हे वाक्य माझं आहे, मी ते त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे. समुद्राच्या पाण्यासाठी एक वेगळं मीठ मिळतं, निळ्या बादलीत, ते तो हैदराबादहून मागवायचा. काचेची नळी पाण्यात तरंगवून डोळा बारीक करून खारटपणा बघायचा. गाळताना जे पाणी वाया जातं त्यात तो कपडे धुवायचा, फरशी पुसायचा, शेजाऱ्यांच्या झाडांना घालायचा. शेजारी ते पाणी घ्यायचे आणि त्याला नावं ठेवायचे. मीही लातूरला गेले की त्याच पाण्यानं माझी लुगडी धुऊन घ्यायचे.

या माशांची जोडी जुळवणं म्हणजे एक प्रकरणच असतं, आणि ते मला किती वेळा ऐकावं लागलं त्याला गणती नाही. लहानपणी हे सगळे धड नर ना मादी. दोन एकत्र ठेवले की जो अंगानं वाढतो आणि दांडगाई करतो तो मादी होतो, दुसरा नर. दोघं बरोबरीचे असले तर एकमेकांना फाडून खातात. म्हणून नवा मासा आणला की चन्नू त्याला भाज्या धुवायच्या जाळीच्या टोपलीत घालायचा आणि टोपली टाकीत तरंगत ठेवायचा. दोघांनी एकमेकांना बघायचं, पण दात लावायचे नाहीत. पंधरा दिवसांनी बारका मोठ्यापुढं अंग थरथरवायला लागला, म्हणजे 'तू मोठा, मी लहान' हे कबूल केलं, की टोपली काढायची. टोपली महानंदेची होती. चन्नू त्या थरथरण्याची नक्कल करून दाखवायचा, साठीचा माणूस, खांदे हलवत मागच्या खोलीत उभा… आणि मी दारातून म्हणायचे, "बास कर, कुणी बघंल."

मला वाटलं याला पुन्हा संसाराला लावलं की हे खूळ जाईल. जुळवून द्यायची मला हौस फार. शाळेतल्या तीन शिक्षिकांची लग्नं मी जमवली, त्यातली दोन टिकली. मुरुडला कमलबाई म्हणून आमच्यातल्याच एक विधवा होत्या, सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मी चन्नूला न विचारता त्यांना घेऊन लातूरला आले. बाई चांगल्या दिसायला वगैरे नव्हत्या, पण माझ्या भावाला कुठं कोण मिळणार होतं? चहा झाला. चन्नू त्यांना टाकी दाखवायला घेऊन गेला आणि अर्ध्या तासानं दोघं बाहेर आले. कमलबाई गेल्यावर मी विचारलं, काय ठरलं? तर म्हणाला, "अक्का, आसं एकदम न्हाई सोडता येत. आधी टोपलीत ठिवावं लागतंय." आणि हसला. मला इतका संताप आला! मी एका शहाण्या बाईला मुरुडहून जीपमध्ये बसवून आणते आणि हा तिला मासा समजतो. मी त्याला म्हटलं, तू माणसात राहायच्या लायकीचा नाहीस, त्या काचेतच जाऊन राहा. त्यानंतर वर्षभर मी त्याच्या घरी गेले नाही. लग्नाकार्यात भेटलो तर मी शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं विचारायचे, "काय, लेकरंबाळं बरी आहेत ना?" आणि बायका हसायच्या. तो खरंच सांगायला लागायचा.

कमलबाईंना आणलं त्याच्या कितीतरी आधी एकदा त्याच्या टाकीतली मोठी मादी उडी मारून बाहेर पडली आणि मेली. त्याचा फोन आला. मी म्हटलं, आता तरी संपलं ना एकदाचं. तर नाही. काही महिन्यांनी पुन्हा फोन, आवाजात आनंद मावेना. मागं राहिलेला नर अंगानं वाढला आणि आता मादी झाला, त्याला नवा जोडीदार आणून टोपलीत ठेवलाय. या माशांत असंच असतं म्हणे, मादी गेली की नर तिची जागा घेतो. तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिते, कारण ते लपवून देवमाणसावर लेख लिहिणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. मी म्हटलं, "तू तरी वेगळं काय केलंस? बायको गेली आणि तू बायको झालास. बसला भाकऱ्या थापत." तो म्हणाला, "हाव अक्का. जमायल्यात आता. गोल येतेत."

पुढं त्या नव्या जोडीनं अंडी घातली. टाकीत त्यानं एक मातीची कुंडी आडवी ठेवली होती, तिच्या आतल्या बाजूला. आठवड्याभरानं अंड्यांत डोळे दिसतात आणि अंधार पडला की तासा-दीड तासात पिल्लं बाहेर येतात. चन्नूला जागरण सोसत नसे, म्हणून तो माशांची रात्र दुपारी चारलाच पाडायचा. दिवा बंद, टाकीवर सतरंजी, खिडकीला कांबळं. साडेपाचला पिल्लं बाहेर, सहाला ती बारक्या टाकीत, आणि हा सातला जेवायला बसलेला. निसर्गाला दुकानाच्या वेळा लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण पिल्लं जगत नसत. त्यांना खायला डोळ्यांना न दिसणारे जीव लागायचे, ते तो प्लास्टिकच्या बाटल्यांत, हिरव्या पाण्यात वाढवायचा. अंगणात अशा बाटल्यांची रांग, आणि तिचा वास. तरी सातव्या-आठव्या दिवशी सकाळी सगळी तळाला. सहा वर्षं हेच. प्रत्येक वेळी मला फोन, आणि प्रत्येक फोनला माझं एकच उत्तर, "मग कशाला करतोस?" विशूनं तर बापाचे फोन आले की मोबाइल उलटा ठेवायची सवय लावून घेतली होती. हे त्यानंच मला सांगितलं, वर म्हणाला, "आत्या, एकदा सुरू झाले की थांबत नाहीत ना ते."

जायच्या चार दिवस आधी चन्नूचा फोन आला. नेहमीसारखी प्रस्तावना नाही, काही नाही. "अक्का, जगली. सत्तरेक हायत. मानंच्या मागं पांढरा पट्टा आलाय. पट्टा आला म्हंजी आता मासा झाला. तू ये." मी म्हटलं, बघू. तो म्हणाला, "बघू न्हाई. उद्या ये. मी कुणालाच दाखवलं न्हाई अजून." सहा वर्षांत त्यानं मला इतकं घाईनं कधी काही सांगितलं नव्हतं. आणि मी, नांदेडात रिकामी बसलेली बाई, जिला दिवसभरात गवार मोडण्यापलीकडं काम नाही, ती म्हणाले, "मला तुझ्या माशांपायी तीन तास हाडं खिळखिळी करून घ्यायची नाहीत. दिवाळीत येईन तेव्हा दाखव." तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत लई मोठी होतील गं…" आणि मी बरं बरं म्हणून फोन ठेवला.

मी लातूरला पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समाधी. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, आणि भोवती विभूती, बेल आणि मीठ घालतात. सगळी व्यवस्था शिवलिंगअण्णांकडं. मयत म्हटलं की अण्णांच्या अंगात नवं बळ येतं, आवाज मोठा होतो, लग्नातसुद्धा ते इतके खुलत नाहीत. ओसरीवर उभं राहून हुकूम चालले होते. मीठ मागवलं होतं, पण विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हणाले की एवढ्यानं भागायचं नाही. अण्णा ओरडले, "आरं, दुकान उघडायची वाट बघत बसता का? घरात बगा की! मागल्या खोलीत बादलीभर मीठ हाय!" दोघं जण आत गेले आणि निळी बादली घेऊन आले, अजून फोडलेलीसुद्धा नव्हती. मी दारात होते. त्या बादलीत काय आहे, कशासाठी आहे, हे त्या अंगणात जमलेल्या साठ-सत्तर माणसांत फक्त मला माहीत होतं. माझ्याकडं बघून त्यातला एक थांबला. "न्या," मी म्हटलं. "त्याचंच आहे." वर मनात असंही आलं की बरं झालं, गेलं खूळ त्याच्याबरोबर. आणि मग बसवण्णांच्या दयेवर बोलणाऱ्या अण्णांनी स्वतःच्या हातानं समुद्राचं मीठ माझ्या भावाच्या मांडीवर ओतलं.

दुपारी बायका बसायला आल्या. एकीचं रडणं दुसरीला पुरत नव्हतं. 'किती साधा माणूस', 'मुंगीला पाय लागू दिला नाही', 'माशांवर किती जीव!' ही शेवटची बाई तीच, जिनं कोळंबीच्या वासानं मांजरं येतात म्हणून भिंतीवर काचा लावून घेतल्या होत्या. कोपऱ्यात कमलबाई बसल्या होत्या. कधी आल्या ते मला कळलं नाही. रडत नव्हत्या. मला वाटलं, ही तरी कशाला आली, जिचं काही ठरलंच नाही. बायका उठल्यावर त्या जवळ आल्या. "शरणार्थ, अक्का. बारक्या टाकीतलं पाणी बदललं का? काल बी कुणी बदललं नसंल."

"कोणतं पाणी?" मी म्हटलं.

"पिल्लांचं. रोज थोडं बदलावं लागतंय. मीठ निळ्या बादलीत हाय, मी सांगते किती ते."

त्या घरात कालपासून शंभर माणसं येऊन गेली. हा प्रश्न विचारणारी ही पहिली बाई. "बादली गेली," मी म्हटलं. कुठं, असं त्यांनी विचारलं, आणि मी बोटानं बाहेर, समाधीच्या दिशेला दाखवलं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. त्या हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. भिंतीला हात लावून जरा उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मोठ्या टाकीतलं पाणी काढून बारकीत घालायचं. पण थेंब-थेंब. एकदम वतलं तर मरतील." पिशवीतून त्यांनी सलाईनची नळी काढली. नळी वापरलेली होती, धुऊन गुंडाळलेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही बाई इथं येत असते. विचारल्यावर कळलं, मी आणलेली चहापुरती पाहुणी तीन वर्षं दर गुरुवारी मुरुडहून जीपनं लातूरला येत होती, मासे बघत होती, पाणी बदलायला मदत करत होती, आणि मला, जिनं जोडी जुळवायला घेतली होती, तिला पत्ता नव्हता.

"तुम्हाला येतं ना, मग करा तुम्हीच," मी म्हटलं.

"न्हाई. मी हितूनच सांगते." आणि त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

मला वाटलं, नखरे. चन्नू होता तेव्हा चालत होतं, आता मयताच्या घरातले मासे शिवायला नकोत. किंवा विधवा बाई, लोक काय म्हणतील याची भीती. दोन्हीचा मला सारखाच तिटकारा आहे. पण मीठ मी दिलं होतं, आणि दुसरं कुणी त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हतं. विशू हैदराबादला फोन करून नवं मीठ मागवत होता आणि ते यायला चार दिवस लागणार होते. म्हणून पदर खोचला. पाच दिवस मी ते काम केलं. कमलबाई सकाळच्या जीपनं यायच्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगायच्या, दुपारी परत जायच्या. नळीचं चाक किती फिरवायचं, तळाचा गाळ कसा ओढायचा, कोरडं खाणं चिमटीत किती कुस्करायचं. गाळात मेलेली पिल्लं आली का, असं त्या विचारायच्या आणि मी "असतील" म्हणायचे. माझा वाचायचा चष्मा नांदेडला राहिला होता. मला पाण्यात नुसते ठिपके दिसायचे, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडं बघतही नव्हते. पाण्याची रेघ कुठं आली तेवढं बघायचे आणि चन्नूला शिव्या द्यायचे. टाकीजवळ खिळ्याला त्यानं एक भिंग टांगून ठेवलं होतं, मी वाकले की ते दर वेळी माझ्या कपाळावर आपटायचं.

पाचव्या दिवशी मीठ आलं. कमलबाईंनी बाहेरून सांगितलं तसं मी ते बादलीत कालवलं, काचेची नळी तरंगवली, आकडा वाचता येईना म्हणून विशूला हाक मारली. त्यानं वाचला, 'वा आत्या' म्हणाला, आणि मोबाइल वाजला म्हणून निघून गेला. माझी कंबर धरली होती, हात मिठानं भगभगत होते, आणि उंबऱ्याबाहेर ही बाई स्वच्छ पातळ नेसून उभी. माझं डोकं फिरलं. "आत या की एकदा," मी ओरडले. "विटाळ होतो काय तुम्हाला? तीन वर्षं येत होता ना? आता काय झालं?"

त्या जागच्या हलल्या नाहीत. "त्यांनी सांगितलं हुतं," त्या हळूच म्हणाल्या. "ही पिल्लं आधी अक्काला दाखवायची, मग मला. पट्टा आला म्हणून फोन केला मला, पण गुरुवारी यिऊ नका म्हणाले. अक्का यायच्यात, आधी त्या बघतील." मग त्यांनी विचारलं, "तुमी बघितली का, अक्का?"

पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मी त्या टाकीवर वाकत होते… आणि मी पाहिलं नव्हतं. त्या गुरुवारी त्यानं हिलाही येऊ दिलं नाही. चार दिवस तो एकटा त्या खुर्चीत बसून माझी वाट बघत होता, शुक्रवारी सकाळी गेला तेव्हाही. मला माझी इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

मी भिंग काढलं आणि टाकीशी वाकले. ठिपक्यांचे मासे झाले. नारिंगी, नखाएवढे, पंधरा-वीस राहिले असतील, आणि त्यातला एक बारका, शेजारच्या मोठ्यापुढं, अगदी चन्नू दाखवायचा तसंच अंग थरथरवत होता. कमलबाई दारातून विचारत होत्या, "दिसला का पट्टा?"

"दोन आहेत," मी म्हटलं.

"दोन?"

"एक मानेमागं. एक मधे, पोटावर."

त्या म्हणाल्या, "मला त्यांनी एकच सांगितला हुता. दुसरा त्यांच्या माघारी आला."

मी त्यांना आत यायला सांगितलं आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.